लेकीच्या बागेतला चहा

लेकीची बाग तेलगावच्या पुढं हाय. चहूकडं ऊस आणि मधी तिची ही झाडी. बोरी, हिवर, करवंदीच्या जाळ्या, सीताफळं. फवारणी न्हाई, पालापाचोळा उचलायचा न्हाई, वाळलेला लिंबसुद्धा तोडायचा न्हाई, कारण त्याच्या ढोलीत पिंगळे राहतात. मी असली शेती कधी केली न्हाई. माझा बांध म्हणजे झाडून घेतलेलं अंगण.

थंडीत एक रविवार ती बाग सगळ्यांना बघायला उघडी ठेवते. दारात पेटी असते. त्या पैशातून सरकारी दवाखान्यात पेशंटपाशी बसलेल्या लोकांना जेवण जातं. मागच्या साली मी पहिल्यांदा गेलतो, माझ्या दोस्ताच्या गाडीवर. दोस्त मिस्त्री हाय, ट्रॅक्टरची इंजिनं खोलण्यात त्याचा जन्म गेला.

आमच्यात लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई. तिला मूल झालंच न्हाई. आता तिचेच केस पिकायला लागलेत, तरी तिच्याकडं जाताना मी पाण्याची बाटली सोबत नेतो. ही रीत आता कुणी धरत न्हाई, मला ठाऊक हाय. मी धरतो.

लेकीनं आमाला सगळं फिरवून दाखवलं. झाडाखाली पाणी भरून ठेवलेल्या मातीच्या परळात साळुंक्या अंग भिजवत होत्या. मग ती गवती चहा वाटत माझ्यापुढं आली.

"आबा, आज हे घर न्हाई, धर्माचं काम हाय. घ्या की."

"रीत ती रीत," मी म्हणालो.

दोस्त म्हणाला, "अबे, इथं मुंगूस येऊन पिऊन जातंय, अन् तू बाप असून तोंड शिवून बसलास. असं कावून रे?"

लोक हसले. हसले म्हणून मी जास्तच ताठ बसलो. लेक हसली न्हाई. तिनं कप परत ताटात ठेवला. तिला मूल न्हाई, हे मी तोंड न उघडता चार लोकांत बोलून दाखवलं होतं. घरी आल्यावर ते कळलं, आणि लई दिवस जेवण गोड लागलं न्हाई.

यंदा ठरवून गेलो. बाटली घरी ठेवली. दोस्तालासुद्धा सांगितलं न्हाई. बाग हिंडून घसा कोरडा पडला होता. या खेपेला चहा वाटायला शेजारची एक बाई होती. तिनं माझ्यापुढं कप धरला, तशी लेक लांबून म्हणाली, "काकू, त्यांना नको. माझे वडील हायेत ते. ते घेत न्हाईत, उगं आग्रह करू नका."

रागानं न्हाई बोलली. मान राखून बोलली. माझा हात कपाकडं निघालेला होता, तो मी मिशीवर नेला. दे म्हणायचं होतं, एवढंच. पण मागणं मला जन्मात जमलं न्हाई. बाई पुढं गेली.

येताना दोस्तानं तेलगावात हॉटेलापुढं गाडी लावली.

"उतर, चहा मारू."

"तू घे," मी म्हणालो, "मला नको."