वायरलेसवरची नयनाबेन

डहाणूच्या खाडीवर, बर्फाच्या कारखान्यामागे, मच्छीमार सोसायटीची एक लहानशी खोली आहे. खिडकी समुद्राकडे, दार सुकत घातलेल्या बोंबलांकडे. आत टेबलावर वायरलेसचा सेट, आणि सेटसमोर गेली कित्येक वर्षं नयना मेहेर.

ही नोकरी तिला मिळाली ती आवाजामुळे. सेट नवा आला तेव्हा सोसायटीचा कारकून बटण दाबून असा काही ओरडायचा की बोटीवरच्यांना शब्दच लागत नसत. एकदा तो जेवायला गेला होता. वडिलांची बोट कुठवर आली ते विचारायला आलेल्या नयनाने वाट पाहून पाहून शेवटी स्वतःच बटण दाबलं आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू विचारलं, "बाबा, कुठं आहात?" वडिलांचं उत्तर आलं. पाठोपाठ दुसऱ्याच कुठल्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, मध्येच म्हणाला, "या पोरीलाच बसवा रे तिथं. हिचं बोललेलं कळतं."

तेव्हापासून नयना बसली ती बसलीच. लग्न झालं नाही, त्याचा घरात कोणी फारसा बाऊही केला नाही. भावाच्या घरी ती राहते आणि सकाळ झाली की सोसायटीत येते. वारा कसा आहे, कुठली बोट बर्फाला थांबलीय, कोणाच्या पोटात दुखतंय, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, हे सगळं तिच्या तोंडून समुद्रावर जातं. समुद्र तिला कानांनी माहीत. इंजिनाच्या धडधडीवरून बोट ओळखते, तांडेलाच्या श्वासावरून त्याला मासळी मिळाली की नाही ते. कामाच्या मधल्या वेळात ती खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून घेते. सेट नुसता खरखरत असतो, आणि त्या खरखरीत तिला पाऊसही ऐकू येतो, भाताची मळणीही, लांब कुठेतरी चाललेली जत्राही. भाऊ चेष्टेने म्हणतो, "आमची नयना पगार घेऊन स्वप्नं बघते."

आता सगळ्यांकडे मोबाइल आले. किनाऱ्याच्या आसपास असतील तोवर पोरं फोनच लावतात, आणि बोटींवर सरकारने उपग्रहाची यंत्रंही बसवली. वायरलेसवर बोलणं कमी झालं, खरखर वाढली. नयनाला त्याचं वाईट वाटलं नाही. ऐकायला जास्त वेळ मिळाला, इतकंच.

होळी झाल्यावर, फाल्गुनातल्याच एका सकाळी वारा पूर्ण पडला. समुद्र तेलासारखा पसरला होता, पाण्यावर पांढुरकी धूसर हवा साचली होती. नयना डोळे मिटून बसली होती आणि सेटमधून एक अनोळखी आवाज आला.

"जाळ खेंचो... धीमे, धीमे..."

आवाज इतका स्वच्छ की माणूस जेट्टीवरच उभा असावा. नयनाने खिडकीतून पाहिलं. जवळपास एकही परकी बोट नव्हती. डहाणूत वाढलेल्या कोणालाही गुजराती येतेच. तिने बटण दाबून विचारलं, कुठली बोट, भाई, कुठं आहात?

"जाफराबादनी सामे, बेन. तमे क्यांथी?"

"डहाणू."

पलीकडून हसू आलं. "डहाणू? मजाक ना करो, बेन."

जाफराबाद सौराष्ट्रात, समुद्राच्या पार पलीकडच्या काठाला. तिचा सेट फार तर उंबरगावच्या बोटींपर्यंत पोचायचा. ती पुढे काही विचारणार तोच आवाज पातळ होत गेला, कापडाचा रंग धुतल्यावर उतरावा तसा, आणि परत खरखर.

दुपारी तिने वासुदेवकाकांना बोलावलं. वासुदेवकाका मसोलीला राहतात. रेल्वेत सिग्नल आणि टेलिफोनच्या खात्यात त्यांचा जन्म गेला; निवृत्त झाल्यापासून सोसायटीचा सेट बिघडला की चहाच्या बोलीवर येतात. त्यांनी एरिअल पाहिली, वायर पाहिली, सेटचं झाकण उघडून फुंकर मारली.

"सेट झकास आहे," ते म्हणाले. "बिघाड हवेत आहे."

"हवेत?"

काका तिला जेट्टीच्या टोकाला घेऊन गेले. खाली जाळ्याचा एक तरंगता गोळा लाटांवर वरखाली होत होता, पण जागचा हलत नव्हता.

"बघ, लाट गेली, पण पाणी गेलं का? गोळा तिथंच. पुढे जातो तो हेलकावा. रेडिओची लाटही तशीच, फक्त तिला पाणीसुद्धा लागत नाही. विजेचा आणि चुंबकाचा हेलकावा तो, नुसत्या पोकळीतूनही जातो. तुझं बोलणं त्या लाटेवर चढून जातं."

"ते माहीत आहे हो. पण एवढ्या लांब?"

"लाट सरळ जाते, पृथ्वी मात्र वाकलेली. म्हणून तुझा आवाज थोडा पुढे गेला की पाण्यावरून उचलला जातो आणि आभाळात निघून जातो. रोज जातो. पण आज काय झालं, वारा पडला. जमिनीवरची तापलेली कोरडी हवा समुद्रावर सरकली आणि पाण्यालगतच्या थंड, ओल्या हवेवर झाकणासारखी बसली." काका थांबले. किनाऱ्यावर माणसं रांगेने रापणीची जाळी ओढत होती. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. "ती रांग बघ. एका टोकाची माणसं चिखलात असतील आणि दुसऱ्या टोकाची कडक वाळूवर, तर काय होईल?"

"रांग चिखलाकडे वळेल."

"लाटेचं तेच होतं. खालच्या ओल्या हवेत ती जराशी रेंगाळते, वरच्या कोरड्या हवेत जराशी पुढे जाते. म्हणून आभाळाकडे निघालेली लाट खाली वळते, पाण्याला धरून धरून जाते. पार जाफराबादपर्यंत."

नयना समुद्राकडे बघत राहिली. दूर क्षितिजाजवळच्या दोन बोटी पाण्याच्या वर, हवेत टांगल्यासारख्या दिसत होत्या. अशा बोटी तिने पूर्वीही पाहिल्या होत्या; डोळ्यांवर ऊन आलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"त्यासुद्धा त्यामुळेच," काका म्हणाले. "उजेडही त्याच जातीची लाट. तोही वळतो."

खोलीकडे परततानाही दोघांचं जाफराबादचंच बोलणं चाललं होतं; दाराबाहेर बोंबील निवडत बसलेल्या बायकांत जिवलीने ते ऐकलं. जिवली जवळच्या कैनाड गावची. मासळीच्या दिवसांत ती रोजावर खाडीवर यायची, आणि तिची तान्ही पोर वलांडीच्या, म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबूंच्या, सावलीत लुगड्याच्या झोळीत झोपलेली असायची. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती दारात येऊन उभी राहिली.

"ताई, जाफराबादचा आवाज आलता?"

"आला होता. का गं?"

"माझा नवरा तिकडंच हाय. लक्ष्या. खलाशी."

पावसाळा सरल्यावर लक्ष्या गेला तेव्हा जिवलीला दिवस गेलेले होते. पौषात मुलगी झाली. निरोप बोटींवर खलाशी नेणाऱ्या मुकादमाने लक्ष्याला फोनवरून कळवला. पुढे लक्ष्याचा फोन पाण्यात पडला आणि बोलणं तुटलं. होळीला तो येईल असं वाटलं होतं, पण बोटीला मासळी चांगली लागली होती आणि सगळेच खलाशी बोटीवर राहिले. मुलीचं नाव आपण ठेवणार असं तो जाताना म्हणून गेला होता. म्हणून तिला अजून नाव नव्हतं.

"बोटीचं नाव माहीत आहे?"

"दरियादेवी."

"येईल की नाही सांगता येत नाही," नयना म्हणाली. "हवेवर आहे सगळं."

"येऊ दे मग येईल तेव्हा," जिवली म्हणाली. तिच्या बोलण्यात घाई नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून नयना सकाळी आल्या आल्या बटण दाबून विचारू लागली, "दरियादेवी, दरियादेवी, डहाणूवरून नयना बोलते." उत्तर येत नसे. जवळच्या बोटींवरची पोरं विचारत, ही कुठली बोट, ताई, नवी घेतली का कोणी? ती सांगे, नवी नाही, लांबची आहे. वारा परत सुटला होता. समुद्र फेसाळत होता आणि तिचा आवाज रोज आभाळात निघून जात होता. तिला आता ते जाणं दिसायचं. डोळे मिटले की आपलं बोलणं पाण्यावरून उठून ढगांपलीकडे चाललंय, तिथून चांदण्यांत, असं वाटायचं. आजवर दिलेले सगळे निरोप, बर्फाचे, पाहुण्यांचे, बाबांना मारलेली ती पहिली हाक, सगळे अजून कुठेतरी चाललेच असतील. तिने हे काकांना विचारलं. काका म्हणाले, "हो. विरत विरत, पण चाललेच आहेत."

चैत्र लागला. एका सकाळी नयना घरातून निघाली तेव्हा नारळाचं एक पानही हलत नव्हतं. सोसायटीच्या दारात पोचेपर्यंत तिला घाम फुटला. समुद्र गुळगुळीत, आणि क्षितिजावरच्या बोटी हवेत. एक तर उलटी टांगलेली, शीड खाली, तळ वर.

तिने सेट लावला. खोली आवाजांनी भरून गेली. गुजराती आवाज, एकावर एक, कोणी भाव विचारतोय, कोणी भजन म्हणतोय. जिवली झोळीसकट पोरीला उचलून आत आली.

"दरियादेवी, दरियादेवी. डहाणू."

एकाने विचारलं, डहाणू कुठून आलं मध्येच? नयनाने सांगितलं, दरियादेवीवर आमच्याकडचा लक्ष्या आहे, त्याची बायको इथे आहे, कोणी ऐकत असेल तर निरोप द्या. निरोप एका बोटीवरून दुसरीवर गेला. मग एक जाड आवाज आला, दरियादेवीच्या तांडेलाचा, की लक्ष्या जाळ्यावर आहे, बोलावतो.

जिवलीने पोरीला छातीशी धरलं.

"हॅलो," लक्ष्याचा आवाज आला. "कोण?"

नयनाने बटण दाबून माईक जिवलीपुढे धरला. "बोल."

"मी हाय," जिवली म्हणाली. एवढंच. नयनाने बटण सोडलं.

"बरी हायस?"

"बरी हाय. तू?"

"मी पण." मध्येच खरखर. "पोर?"

"बरी हाय. नाव नाय ठेवलं अजून. तू ठेवणार होतास."

"नाव..." लक्ष्या अडखळला. सगळा समुद्र ऐकत होता, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यात दुसऱ्याच एका बोटीवरून कोणीतरी म्हणालं, "दरिया राखो, बेन." तिसऱ्याने देवीचं नाव सुचवलं. चौथा म्हणाला, माझ्या बहिणीचं ठेवा, फार गुणी आहे. जिवलीला हसू फुटलं.

"इकडं खाडीवर समद्या बाया तिला लाडकी म्हणतात," ती म्हणाली.

"मग लाडकीच राहू दे," लक्ष्या म्हणाला, सुटका झाल्यासारखा. मग थोडं थांबून, "तिचा आवाज ऐकव ना."

पोर गाढ झोपली होती. जिवलीने तिच्या तळव्याला चिमटा घ्यायला हात नेला.

"नको रडवू," नयनाने तिचा हात धरला. बटण दाबून ती म्हणाली, "झोपलीय रे ती. श्वास ऐक तिचा. बाकीच्यांनी जरा गप्प बसा."

तिने बटण दाबूनच ठेवलं आणि माईक पोरीच्या इवल्याशा नाकाजवळ धरला. खोलीत कोणी हललं नाही. नयनाचा हात अवघडला तरी तिने बटण सोडलं नाही. तिला वाटलं, इथून तिथवर सगळं पाणी थांबलंय आणि त्यावरून या पोरीचा श्वास अलगद चाललाय.

बटण सोडलं तेव्हा तिकडून लक्ष्याचा एखादा शब्द आला, अर्धाच. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आत आली. सेट परत खरखरू लागला, आणि मग कितीही हाका मारल्या तरी फक्त डहाणूच्या बोटी ओ देत राहिल्या.

मासेमारी बंद होऊन बोटी काठाला लागल्या तसा लक्ष्या घरी आला. कैनाडला राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, तयारी सुरू झाली होती, त्यातून सवड काढून तो जिवलीला आणि लाडकीला घेऊन खाडीवर आला. काळा पडलेला, अंगाने वाळलेला, बोलायला लाजरा. वासुदेवकाकाही तिथे होते. पावसाळ्यासाठी सेट उतरवून ठेवायचा होता. नयनाने सगळ्यांना चहा दिला.

"ऐकलास ना रे तिचा श्वास?" तिने विचारलं.

लक्ष्याने जिवलीकडे पाहिलं, मग बशीत पाहिलं. "खरं सांगू, ताई? काय बी नाय ऐकलं."

जिवलीने मान वर केली.

"तू म्हणालीस गप्प बसा, आन् सगळे गप्प. सेटची खरखर बी थांबली. एकदम थांबली. त्याच्या अगुदर मी कधी तसं ऐकलं नव्हतं. तांडेलनं हात वर केला, कोणी हलू नका म्हणून. आमी सगळे तसेच उभे, हातात जाळं धरून. मग परत खरखर चालू झाली, तसा तांडेल म्हणाला, सरस छोकरी छे. सगळे म्हणाले, आमी ऐकला श्वास. मी बी म्हणालो."

नयना काकांकडे वळली. काका चहा फुंकत होते.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "बटण दाबलं की बोललं नाही तरी लाट जाते. ती पोचली की पलीकडची खरखर बंद होते. श्वास फार बारीक, तो नसेल उठला तिच्यावर. पण लाट पोचली होती. इथली, या खोलीतली."

लक्ष्याने मान हलवली. त्याला ते पटलं की नुसतंच मान्य केलं, कळलं नाही. लाडकी त्याच्या हातांच्या आधाराने मांडीवर उभी राहून त्याच्या कानाची पाळी ओढत होती आणि तो तिला ओढू देत होता.

"पावसानंतर परत जाशील?" नयनाने विचारलं.

"जावं तर लागंल, ताई."

"दरियादेवीवरच?"

"हा. तांडेल चांगला हाय."

जिवलीने पोरीचं झबलं सारखं केलं, चहाचे कप उचलले आणि विसळायला बाहेर नेले. काकांनी सेटच्या वायरी सोडवल्या. नयनाने जुन्या सुती साडीचा तुकडा आणला आणि दोघांनी मिळून सेट त्यात नीट गुंडाळला.