दर्या आपा आणि पत्र्याखालची बॅच

वर्गात आल्या आल्या आपा हजेरी घेत नसत, ताप बघत. पहिल्या बाकावरच्या कुणाच्या तरी कपाळाला उलटा हात लावायच्या, मग तोच हात भिंतीवरच्या नकाशात बंगालच्या उपसागरावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही पोरगी ठीक हाय. ह्याला मात्र ताप हाय." हे काही हवेतलं बोलणं नसे. नेट कॅफेत जाऊन समुद्राच्या तापमानाची रंगीत चित्रं त्या नेमाने बघून येत. पण लातूरच्या पोरांना ते कसं पटावं? आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता, आणि खरं म्हणजे आपांनीही पाहिला नव्हता. तरी समुद्राबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना माहेरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं लागे. त्यावरून कॉलेजात त्यांचं नाव पडलं दर्या आपा. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

त्या पर्यावरण शिकवायच्या. अकरावी-बारावीला हा विषय सक्तीचा होता, आणि सक्तीचा असल्यामुळेच त्याला कुणी विचारत नव्हतं. लातूरला येणारी पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येत. गावोगावचे आईबाप पोरगं खोलीवर ठेवून, डब्याची सोय लावून, ढेकळासारखे घट्ट चेहरे करून परत जात. अशा गावात पर्यावरणाच्या बाईंना काय किंमत असणार? फिजिक्सचे सर बिनदिक्कत येत आणि म्हणत, "मॅडम, आजचा तास द्या, पोरांच्या करिअरचा प्रश्न आहे." आपा खडू खाली न ठेवता म्हणायच्या, "तास म्हणजे काय साखर हाय का सर, वाटी घेऊन मागायला आलात?" सर हसत हसत परत जात, पण पुढच्या आठवड्यात वाटी घेऊन पुन्हा हजर.

एकदा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "आपा, हितं नळाला पाणी न्हाई अन् तुम्ही समुद्र शिकवून राहिल्या." वर्ग खिदळला. आपाही हसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या डोक्यावर येतो तो ढग काय लातूरच्या नळाचा हाय? समुद्रातूनच येतो की. धूर आपण सगळ्यांनी सोडायचा, त्याची गर्मी समुद्रानं पोटात घ्यायची, अन् वर तुला समुद्राचा संबंध न्हाई." त्यानंतर त्या पोराने कधी असला प्रश्न विचारला नाही. त्याला पटलं म्हणून नव्हे, पुन्हा हसं होईल म्हणून.

गंजगोलाईच्या बाजारात आपांच्या घरचं पेट्या-बादल्यांचं जुनं दुकान होतं. तिथली एक बादली आणि हीटरचा रॉड घेऊन त्या एके दिवशी वर्गात आल्या. खोलीवर राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो रॉड ठाऊक होता. वरचं पाणी चटका देतं आणि तळाचं थंडगार राहतं. आपांनी वरचं पाणी तापू दिलं, रॉड काढला, पाणी ढवळलं आणि हात घालायला लावला. कोमट. "वादळ समुद्रात हेच करतं. गरम पाण्यावर जगतं, पण जगता जगता ढवळतं. खालचं गार पाणी वर आलं की त्याचा जोर मोडतो." मग पाणी मुद्दाम तळापर्यंत तापवलं आणि ढवळलं. हात घातलेल्या पोरीने तो झटकन काढला. "आता समुद्र असा खोलवर तापून राहिला. आठवडेच्या आठवडे ताप उतरत न्हाई. वरून वादळ गेलं तर ढवळून बी गरमच पाणी. मग ते मोडंल कसं? वाढतंच. वाफ बी जास्त उचलतं, ती आपल्यावर आणून ओततं." लगेच बोट वर करून त्यांनी बजावलं, "प्रत्येक वादळ ह्याच्यामुळंच आलं असं म्हणायचं न्हाई. वादळं आधी बी होती. आता त्यांना खुराक मिळून राहिला."

पुढे मी डॉक्टर झाले. त्याचं श्रेय फिजिक्सच्या सरांनी केव्हाच फ्लेक्सवर लावून घेतलं, घेऊ देत. माझ्या डोक्यात मात्र त्या वर्षातली ती बादलीच राहिली आहे.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी तान्ही होते. दगडाच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं एकदम खाली आलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बाहेर काढलं. आईला काढता आलं नाही. त्या दिवसापासून आबा दगडी भिंतींच्या आत कधी गेले नाहीत. लग्नाला गेले तर मांडवात बसत, देवळात गेले तर बाहेरून हात जोडत. आमच्याकडच्या पुष्कळ लोकांचं असंच झालं होतं. पत्र्याच्या शेडवर त्यांचा देवासारखा विश्वास. 'पत्रा पडला तरी माणूस मरत न्हाई' हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले.

कॉलेजवाल्यांनी हे बरोबर हेरलं होतं. जुनी इमारत निजामाच्या काळातली, दगडी. शेजारी नवी तीन मजल्यांची, आणि तिच्या गच्चीवर पत्र्याचं लांबलचक शेड. तिथे मेडिकलची खास बॅच बसे. जाहिरातीत छापलेलं असे, 'भूकंपाची भीती नाही, हलके छत'. आबांनी माझं नाव घालताना फी नंतर विचारली, आधी विचारलं, "पोरगी पत्र्यातच बसंल ना?" आपांना ते शेड बघवत नसे. त्याला नीट बांधून घ्या, वाऱ्यापावसाचा इशारा आला की पोरं खाली आणा, असं त्या प्राचार्यांना सतत सांगत. प्राचार्य म्हणत, "मॅडम, समुद्र कुठं, आपण कुठं."

ऑक्टोबरात आंध्रच्या किनाऱ्याला वादळ धडकलं. आपांची बहीण देगलूरला दिलेली होती. तिकडून आलेलं आभाळ आधी बहिणीच्या अंगणात उतरतं आणि मग आमच्याकडे येतं, म्हणून आपा फोन करून तिला वारा विचारायच्या. त्या सकाळी बहीण म्हणाली की दाराच्या कड्या वाजून राहिल्या. आपा तडक गच्चीवर आल्या. फिजिक्सची मोठी चाचणी चालू होती. सरांना काही कळायच्या आत त्यांनी सगळी बॅच उठवली आणि जुन्या दगडी इमारतीतल्या सभागृहात नेऊन बसवली. मी दारात अडले. माझे पाय पुढे होईनात. आपांनी माझा हात धरला आणि मला आत नेलं. हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आणि झालं काहीच नाही. वारा आला तसा निघून गेला, चार शिंतोडे पडले, चाचणी मात्र वाया गेली. कॉलेजात आपांची इतकी टर उडवली गेली की मला रडू आलं.

दोन दिवसांनी आबा आले. व्हरांड्यातच त्यांनी आपांना गाठलं. प्राचार्यही बाहेर आले.

"बाई, माझ्या लेकीला दगडात कुणाला इचारून नेलंत?"

"मलाच इचारून नेलं, भाऊ."

"तिची माय दगडाखाली गेली."

आपा हळू म्हणाल्या, "ठाऊक हाय. तिनं सांगितलंय मला."

"तरी नेलंत? पत्रा पडला तरी माणूस मरत न्हाई."

"पडला तर न्हाई मरत. उडाला तर मरतंय." आपा त्यांच्या जवळ गेल्या. "भाऊ, जमीन सांगून हलत न्हाई. तिच्यापुढं तुमचं माझं काय चालणार? वादळ सांगून निघतंय. सांगून येणाऱ्याच्या बी पुढ्यात लेकरं बसवून ठेवायची का?"

त्या आबांना दगडी भिंतीपाशी घेऊन गेल्या. भूकंपानंतर त्या इमारतीला चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा घातलेला होता, भिंती आतून बाहेरून एकमेकींना बांधून घेतल्या होत्या. ते त्यांनी हाताने दाखवलं. "ही भिंत तुमच्या घरच्या भिंतीसारखी सुटी न्हाई," त्या म्हणाल्या. आबांनी पट्टा बघितला, पण बाहेरूनच. आत चला म्हटल्यावर मान हलवून ते एसटी स्टँडकडे चालू लागले.

प्राचार्यांनी आपांकडे लेखी माफीनामा मागितला. पालक नाराज, सर नाराज, आणि मुख्य म्हणजे काही झालंच नव्हतं. आपा म्हणाल्या, "झालं न्हाई ह्याची माफी मागू का? पोरं मेली असती म्हंजे मग मी शहाणी ठरले असते. असलं शहाणपण नक्को मला." माफीनामा त्यांनी दिला नाही. दिवाळीनंतर त्यांना संस्थेच्या अहमदपूरच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर पाठवलं. ही शिक्षाच होती आणि सगळ्यांना ती कळत होती. आम्ही काही मुली फाटकापर्यंत पोचवायला गेलो. एकीने रडायला सुरुवात केली तेव्हा आपा म्हणाल्या, "गप. मी गेले म्हणून समुद्र थंड होनार न्हाई. तुम्ही हायतच ना हितं." मला त्यांचा तेव्हा रागही आला. एवढ्याशा माफीनाम्याने त्या आमच्याजवळ राहिल्या असत्या असं वाटलं.

मे महिन्यात, मेडिकलची प्रवेश परीक्षा तोंडावर आली असताना, पुन्हा तसंच वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं. पेपरात इशारा आला होता. शेडमध्ये सराव परीक्षा चालू होती. दुपारी पूर्वेकडचं आभाळ काळं-तांबडं झालं आणि कोपऱ्यातला एक पत्रा टकटक करू लागला. सगळ्यांनी ते ऐकलं. फिजिक्सचे सर म्हणाले, "पेपरकडे लक्ष द्या."

मी उभी राहिले. "सर, आम्ही खाली चाललो. पेपर खाली लिहू."

"कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही."

मागे बाक सरकल्याचे आवाज आले. मी वळून पाहिलं तर सबंध बॅच उभी होती, तो नळाच्या पाण्याचा प्रश्न विचारणाराही. पेपर छातीशी धरून आम्ही जिना उतरलो आणि दगडी सभागृहात शिरलो. सर सगळ्यात शेवटी आले. माफीनामा कुणाकुणाकडून लिहून घेणार होते?

आबा त्या दिवशी मला भेटायला आले होते. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली ते उभे होते आणि लेकीला दगडात शिरताना बघत होते. वारा असा आला की लिंबाच्या फांद्या जमिनीला टेकल्या. मी दारात जाऊन ओरडले, "आबा, आत या." ते जागचे हलले नाहीत. तेवढ्यात गच्चीवर मोठा कडकडाट झाला आणि एका कोपऱ्यातले पत्रे उचकटून आमच्या बाकांवर आडवे कोसळले. काही उडून रस्त्यापलीकडे गेले. त्या कोपऱ्यात मुली बसत. आबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी पाऊस थोडा कमी झाल्यावर मी सरांच्या मोबाइलवरून अहमदपूरला फोन लावला आणि पत्रे उडाल्याचं, आबा भेटायला आल्याचं सांगितलं. आपांनी पत्र्यांचं काही विचारलं नाही.

"पोरं खाली आली का?"

"सगळी आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

"अन् तुझे आबा? ते तर बाहेर न्हाईत ना राहिले पावसात?"

मी मागे वळून पाहिलं. दगडी भिंतीला पाठ लावून आबा खाली बसले होते. ओल्या टॉवेलने तोंड पुसत ते शेजारच्या पोराला विचारत होते, पेपर सोपा होता का.

"नाही आपा," मी म्हणाले, "आत आहेत."