मामांचं मीठ आणि खांबचे काजवे

मी गोगलगायी पाळतो. शेजारी कोंबड्या पाळतात, पलीकडचे बकऱ्या पाळतात, मी गोगलगायी पाळतो. यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी बायकोला अजूनही समजावतो आहे.

काजव्याची अळी गोगलगायींवर जगते, हे मला रोह्याला कंपनीतल्या एका मित्राने सांगितलं. दमट माती, पालापाचोळा, अंधार आणि पोटभर गोगलगायी मिळाल्या, की पावसाच्या तोंडावर काजवे निघतात. झालं! खांब गावातल्या आमच्या घरापुढचा माडांखालचा कोपरा मी काजव्यांच्या नावे करून टाकला. अंगणातला बल्ब काढला, झाडू मारणं बंद केलं. शिफ्टवरून आलो की आधी गोगलगायींना पाणी, मग मला चहा. (तोही सुरेखाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, मर्जीवर.)

एरवी हे माझं वेड म्हणून खपलं असतं. पण यंदा मामा यायचे होते.

मामा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात गेला. सासूबाई मात्र मूळच्या आमच्या खांबच्या. माझ्या माहेरी काजव्यांनी झाडं पेटतात, एकदा बघायला चला, असं त्या नवऱ्याला लग्नापासून सांगायच्या. पण काजवे येणार मे सरताना, आणि तेव्हाच पाऊस पडायच्या आत मीठ उचलायची घाई. मामांना कधी निघताच आलं नाही. सासूबाई गेल्या, तरी ते राहिलंच. यंदा त्यांनी मिठागर सोडलं आणि लेकीला फोन केला, काजवे बघायला येतो म्हणून.

फोन ठेवून सुरेखाने ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. मग मला म्हणाली, "काजवे दिसले पाहिजेत. नाहीतर तुम्ही आणि तुमच्या गोगलगायी, सगळे बाहेर."

त्यासोबत न्हाणीमागचा पाचोळ्याचा ढीग तेवढा उपसा, असंही तिने बजावलं. हे ती दिवाळीपासून बजावत होती. मी दिवाळीपासून हो म्हणत होतो.

मामा लेकीकडे रिकाम्या हाताने कधी येत नाहीत. पेणहून एसटीने आले ते खांद्यावर खड्या मिठाची गोण घेऊन. मी कामावर होतो. आयुष्यभर राबलेला माणूस, नुसता किती वेळ बसणार? मी दुपारी घरी आलो तेव्हा ते पायरीवर घाम पुसत होते, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"जावयबापू, माडांच्या बुडात मीठ घातलं. आता नारळ बघा कसं लागतात. आन् गोगलगायी केवढ्या झालेल्या तुमच्याकडं! मीठ टाकलं, एक ठेवली नाय."

मी हसलो. म्हणजे तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

स्वयंपाकघरात सुरेखाने मला दम भरला, त्यांना यातलं अक्षरही कळता कामा नये. मग मी पाइप लावून माडाखालचं मीठ धुवायला घेतलं. मामांनी विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, माडांना तहान लागलीये. ते माझ्याकडे काळजीने बघत राहिले. मग पाण्याने मीठ वाहून गेलं असणार म्हणून, बिचाऱ्यांनी गोणीत उरलेलं सगळं तिथे ओतलं!

तिन्हीसांजेला आम्ही पायरीवर बसलो. मामांनी आमच्या लग्नात घातलेला पांढरा सदरा घातला होता. समोर माडाखाली मिट्ट काळोख. मी हवा, दमटपणा, चांदणं अशी कारणं देत सुटलो. सुरेखाने अंधारातही मला अचूक चिमटा काढला.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "तिच्यासंगं यायचं ते मी आता आलो. मग कसं दिसणार?"

आणि पाय धुवायला ते मागे गेले. मला आयुष्यात एवढं वाईट क्वचितच वाटलं असेल.

मामा परत येईनात. शेवाळावर घसरले की काय, म्हणून आम्ही धावलो. ते न्हाणीपाशी उभे होते. हातातला तांब्या कलून पाणी सदऱ्यावर सांडत होतं. समोर तो पाचोळ्याचा ढीग लुकलुकत होता. एकेक ठिणगी वर उठत होती, जांभळीवर जाऊन बसत होती. बघता बघता अर्धं झाड उजळलं. माझ्या गोगलगायींतल्या चार शहाण्या आधीच न्हाणीच्या ओलीला राहायला गेल्या असाव्यात.

"सुरेखा गो," मामा हळूच म्हणाले, "तुजी आय खोटं नाय बोलायची."

सुरेखाने त्यांचा ओला हात धरला आणि दोघं तसेच उभे राहिले. माझेही डोळे भरून आले. मी ते मिठावर ढकललं.

जेवताना सुरेखा म्हणाली, "तो ढीग आता काढू नका हं." लग्नानंतर तिने सांगितलेलं एखादं काम मी आधीच पूर्ण केलेलं असण्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हापासून माळ्यावरची अडगळ, गच्चीतली टाकी, परसातलं गवत, सगळं मी काजव्यांसाठी जसंच्या तसं राखून ठेवलं आहे. सुरेखाला फक्त तसं पटवून द्यायचं राहिलंय.