पदरभर माका

आरे कॉलनीत म्हशी रस्ता ओलांडत होत्या म्हणून आमची बस थांबली, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी मावशींनी माझं मनगट गच्च धरलं.

“माका! अगं, तो बघ माका!”

गवतात पांढऱ्या बटणांसारखी बारीक फुलं होती. मला काही कळायच्या आत मावशींनी पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि साडी खोचून खाली उडी मारली.

“मावशी, गाडी सुटेल!” कंडक्टर ओरडला.

“म्हशी जाईपर्यंत थांब रे भावा!” म्हणत त्या ओणव्या होऊन माका उपटू लागल्या. बघता बघता अर्धी बस खिडक्यांना लटकली. “मावशी, डावीकडे! तिकडे झकास आहे!” शेवटची म्हैस गेली तरी कंडक्टरने घंटी मारली नाही.

पदर भरून मावशी धापा टाकत वर आल्या. एक पान तळव्यावर चोळलं, रस काळा पडलेला बघून खुदकन हसल्या. माक्याचं तेल केसांसाठी करतात, एवढं मलाही ठाऊक होतं.

“कोणाचे केस गळतायत?” मी विचारलं.

“गळायचे ते सगळे गळले गं. लेकीचे, केमोत.”

मी ओशाळले. “मग या तेलाने येतील परत?”

“येतील काय? आलेत!” मावशींनी बोटाचं पेर माझ्या डोळ्यांसमोर नाचवलं. “एवढे! इतके महिने डोक्याला हात लावू देत नव्हती पोर. आज सकाळी स्वतःहून म्हणाली, आई, तेल लाव ना!”