डावीकडचा ब्रेक

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी नुकताच कुकर लावला होता. ‘तुळसा आंटी काल रात्री झोपेतच गेल्या. अत्यंत शांत, मृदुभाषी व्यक्तिमत्त्व.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. मृदुभाषी? लिफ्ट बंद होती तेव्हा जिन्यात खुर्ची टाकून बसलेली आणि सेक्रेटरीला वर जाऊ न देणारी ती बाई मृदुभाषी? माणूस गेलं की लोक त्याला धुऊन, इस्त्री करून ठेवतात. त्याला आता दीड महिना होऊन गेला. तो मेसेज केव्हाच वर निघून गेला, माझा राग मात्र तिथेच आहे. म्हणून आधीच सांगते, तुळसाक्का शांत नव्हती. भांडकुदळ होती, हट्टी होती आणि कुणी ‘जमणार नाही’ म्हटलं की तिच्या अंगात यायचं. चेन्नईत, वेलचेरीला आम्ही समोरासमोरच्या दारांत राहत होतो, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

ती तंजावरकडची मराठी. पुण्याहून आलेली माझी नणंद तिचं बोलणं ऐकून म्हणाली होती, “अगं, या जुन्या पोथीतल्यासारख्या बोलतात, आणि सूर मात्र तमिळचा!” अक्काला ते मागाहून कळलं, तर ती म्हणाली, “आम्ही तिकडून निघालों तेव्हां तुमची बोली अशीच होती. तुम्ही बदललांत, आम्हांस काय दोष?” चेन्नईबाहेर आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात तिची नोकरी झाली. रोज स्वतःची जुनी फियाट हाकत ती जायची, तेव्हा सिग्नलला लोक वाकून बघायचे म्हणे, बाईच चालवते आहे ना म्हणून. पुढे एका डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा कुणी सांगायच्या आत तिनं आपणहून गाडी चालवणं सोडलं. त्याबद्दल हळहळलेली मी तिला कधी पाहिली नाही. चिडलेली पाहिली, पुष्कळदा.

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि माझ्या नावावर, माझ्या पसंतीची, कोरी गाडी घेतली. तोवर आमच्याकडे श्रीकांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी वापरून सोडलेल्या गाड्याच आल्या होत्या, आणि मी कायम डावीकडे. “पन्नाशी उलटल्यावर हा नसता उद्योग कशाला? टॅक्सी मिळते की,” श्रीकांत म्हणाला. मुलानं फोनवर वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते, परवाना होता, पण खरं सांगायचं तर शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा आणि माझं सगळं धैर्य त्या ब्रेकच्या भरवशावर होतं. नव्या गाडीत तो ब्रेक नव्हता. आठ दिवस गाडी खाली झाकून ठेवलेली. अक्कानं एक दिवस कव्हरचं टोक उचलून पाहिलं आणि विचारलं, “काय गे, नवरी काय ही, पदर घेऊन बसाया?” मी मास्तरांच्या ब्रेकचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, “सरि, बरें. तर तसाच ब्रेक लावून घेऊं. तिथें मी बसेन.”

शोरूमवाल्यांनी असलं काही बसवायला साफ नकार दिला. बाहेरून काही जोडलंत तर वॉरंटी गेली म्हणून समजा, असा दमही भरला. मग अक्का मला जी. पी. रोडला घेऊन गेली. माउंट रोडला लागून असलेला हा रस्ता म्हणजे गाड्यांच्या नटण्यामुरडण्याचा बाजार. फुटपाथवर सीट कव्हरं टांगलेली, हॉर्न वाजवून दाखवताहेत, काचांना फिल्म लावताहेत. गाडी श्रीकांतनं आणून लावली आणि बघता बघता दुकानदार त्याच्याशीच बोलायला लागला. सार, स्पॉयलर लावू या. सार, मॅडमसाठी गुलाबी सीट कव्हर आहे. अक्कानं काठी आपटली. “गाडी हिची. हिला विचार. नाहीं तर आम्ही पुढल्या दुकानांत चाललों,” हे तिनं आधी तमिळमध्ये त्याला आणि मग मराठीत श्रीकांतला ऐकवलं. मागचा कॅमेरा, पायाखालच्या मॅट आणि डावीकडे ब्रेक, एवढंच लावायचं ठरलं. सेल्वम नावाचा फिटर सीटखाली आडवा झाला, तेव्हा अक्कानं मला मॅटचा रंग निवडायला आणि श्रीकांतला कॉफी आणायला पिटाळलं. मी परतले तर ती सेल्वमशी वाकून काहीतरी बोलत होती. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, त्यात ती दोघं भरभर बोलत होती. सेल्वम मान हलवत होता, नको नको म्हणत होता, आणि शेवटी हसला. घासाघीस चालली असेल असं मला वाटलं.

देवळासमोर पूजेच्या वेळी पुन्हा तेच. चार चाकांखाली चार लिंबं ठेवून झाली आणि गुरुजींनी श्रीकांतला खूण केली, सार, पुढे घ्या. श्रीकांत पुढे झालासुद्धा. अक्कानं त्याच्या हातातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि डावीकडचं दार उघडून आत बसली. मी घाबरून गाडी पुढे घेण्याऐवजी मागे घेतली. लिंबं चिरडली ती चिरडलीच. लोक हसले. “मागें का होईना, गेली ना?” ती म्हणाली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी बाहेर पडू लागलो. आधी सोसायटीभोवती, मग स्टेशनपर्यंत, मग पेरुंगुडीपर्यंत. तिचा उजवा पाय पेडलवर असायचा, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं आणि तेवढं पुरायचं. सूचना मात्र ती कधीच द्यायची नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांना शिव्या द्यायची, त्याही पोथीतल्या.

वेलचेरीत पाणी भरतं, म्हणून मोठ्या पावसाचा इशारा आला की लोक गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन ओळीनं लावतात. तसा इशारा आला त्या दुपारी श्रीकांत ऑफिसात होता, म्हणून आम्ही दोघीच निघालो. फ्लायओव्हरच्या तोंडाशी एक शेअर ऑटो भरधाव येऊन माझ्यापुढे घुसला आणि मधोमध थांबला, कारण कुणाला तरी उतरायचं होतं. पुढचं मला नीट आठवत नाही. गाडी थांबली. ऑटोतल्या मागच्या बाईच्या गजऱ्यातली फुलं मोजता आली असती इतक्या जवळ थांबली. मी म्हणाले, “अक्का, तुम्ही होतात म्हणून वाचलो.” ती खिडकीबाहेर बघत होती. “मी नाहीं. तूंच दाबलास.”

मला तो तिचा मोठेपणा वाटला. घरी येऊन मीच श्रीकांतला सांगितलं, अक्कांनी ब्रेक मारला. त्यानं ते सगळ्यांना सांगितलं… आणि सांगत राहिला. अक्का गेली, तिचा तेरावा झाला, आणि त्यानं विषय काढला. “अगं, त्या होत्या म्हणून तू चालवत होतीस. त्या दिवशी त्यांनी ब्रेक मारला नसता तर? विकून टाकू.” मी वाद घातला, पण मनातून तोच बरोबर आहे असं वाटत होतं, आणि त्याचा जास्त संताप येत होता. शेवटी त्यानं तडजोड काढली. चालव, पण मी डावीकडे असेन तेव्हाच. फक्त ते पेडल पुढे सरकवून घे, माझा गुडघा अडतो.

तो ऑफिसला गेला आणि मी गाडी काढली. एकटीनं, पहिल्यांदा. डावी सीट रिकामी होती. माउंट रोडला दोनदा बसवाल्यांनी हॉर्न मारून मला हाकललं, तरी जी. पी. रोडला पोचले. सेल्वमनं मला ओळखलं. अम्मा कशा आहेत, विचारलं. सांगितल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मी त्याला म्हटलं, पेडल पुढे घे, पण ब्रेक आत्ता लागतो तसाच नीट लागला पाहिजे. तो म्हणाला, “मॅडम, कनेक्शन इल्ल.”

कनेक्शन नव्हतंच. कधीच नव्हतं. वाकून दाखवलं त्यानं. पेडल होतं, स्प्रिंग होती, आणि पुढे माझ्या ब्रेकपर्यंत जायची सळई त्यानं बसवलीच नव्हती. अम्मा म्हणाल्या होत्या, नको जोडू. तो नको नको म्हणत होता ते हेच. आणि त्या काय म्हणाल्या ते त्याला अजून पाठ होतं. “जोडलंस तर मी दाबीन. माझा पाय मला ठाऊक आहे. मग ही कधी दाबणार?”

मी तिथेच फुटपाथवर रडले, हॉर्नच्या गोंगाटात, टांगलेल्या सीट कव्हरांखाली. वेडेपणा होता तो! एका डोळ्यानं दिसणारी बाई, शिकाऊ माणसाच्या शेजारी, हाताशी काही नसताना रोज येऊन बसत होती. समोर असती तर कडाकडा भांडले असते तिच्याशी. तेवढ्यात सेल्वमनं मॅट बाहेर काढून उन्हात धरली आणि मला बोलावलं. पेडलच्या अलीकडे मॅटला टाचेचा खळगा पडला होता, चांगला खोल. म्हणजे ती दाबत होती. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक ऑटोमागे जीव मुठीत धरून दाबत होती, आणि दाबून काही होणार नाही हे तिला माहीत होतं. सेल्वम नवी मॅट काढायला लागला. मी म्हटलं हीच राहू दे. पेडल पुढे घे. आणि कनेक्शन? नको.

हल्ली श्रीकांत डावीकडे बसतो. लाल दिवा दिसला की पाय दाबतो, गाडी थांबते, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. मी त्याला काही सांगितलेलं नाही. हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, ती चेन्नईत येत नाही, पण पुण्याहून नणंद फोटो काढून सगळ्यांच्या आधी त्यालाच पाठवेल. तर वाच, श्रीकांत. त्या दिवशी फ्लायओव्हरपाशी ब्रेक मी मारला होता. गाडी विकायची नाही. डावीकडे बसायचं असेल तर खुशाल बस, तुळसाक्काच्या खळग्यात टाच ठेव आणि हवं तेवढं दाब. गाडी थांबवणार मीच आहे.