रिकाम्या गाडीचं माप

जरा रुबाबदार दिसावी म्हणून घरच्या गाडीची उंची कमी करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा अट एकच होती: घरच्यांना धक्के बसता कामा नयेत. म्हणून नुसत्या आखूड स्प्रिंगा न बसवता त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बरही घेतले. गाडी तीस मिलिमीटर खाली आली. लोणावळ्याहून तळेगावपर्यंत एकट्यानं चालवून पाहिली. खड्डे पूर्वीइतकेच जाणवत होते. हिशेब बरोबर आला, असं मी बायकोला सांगितलं.

पुढच्या रविवारी आत्याला औंढ्याला तिच्या घरी सोडायला निघालो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिला पुढे बसवलं. मागे बायको आणि दोन्ही मुलं. गावाआधीच्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरवडलं. दुसऱ्यावर त्याहून जोरात. पाच माणसांच्या वजनानं गाडी आणखी किती खाली बसेल, हे मी मोजलंच नव्हतं.

तिसरा दिसला, तशी आत्या म्हणाली, “थांब रं, आमी उतरतो. गाडी लय आरामाची हाय तुजी, फकस्त तीत माणसं बसवू नको.”

मुलं हसली. बायको हसली नाही. चौघंही उतरली. मी रिकामी गाडी पलीकडे नेली. जराही धक्का बसला नाही. आरशात आत्या दिसत होती, बायकोचा दंड धरून लंगडत येणारी. उतरून तिच्यासाठी दार उघडावं, तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. स्टीअरिंग धरून मी समोर बघत राहिलो.