थांब म्हटलं की थांबायचं

त्या छोट्या दवाखान्यात मोठ्या सिस्टरांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. पण मारहाण झालेलं मूल आलं की त्याही हात टेकत. अशा मुलांना तपासणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरबाई दूर शहरात. मागे तिकडे पाठवलेलं एक पोर पोहोचलंच नाही. घरच्यांनी अर्ध्या वाटेतून परत नेलं. तेव्हापासून, बाईंना इथूनच पोर दाखवता यावं म्हणून, सिस्टर कॅमेऱ्यासाठी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांच्या मागे हात धुऊन लागल्या.

"अहो सिस्टर, पडद्यावरून कुठे पोर तपासतात का?"

"लग्नं जुळतात साहेब पडद्यावरून!"

शेवटी कॅमेरा आला, एका खोलीत पडदाही लागला. थोड्याच दिवसांत एक बाई बहिणीच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे आईवडील कामासाठी परगावी, मुलगी काकाकडे. पाठभर वळ. काका म्हणे, जिन्यावरून पडली. मुलगी तोंडातून ब्र काढेना. सिस्टर जवळ गेल्या की अंग चोरून घेई.

पडद्यावर डॉक्टरबाई आल्या. पाठीचं नावही न काढता म्हणाल्या, "बाळा, नको वाटलं की हात वर कर. आम्ही सगळे थांबू."

सिस्टर कॅमेरा घेऊन तिच्याकडे निघाल्या. मुलीचा हात वर. सिस्टर जागीच थांबल्या. हात खाली आला, सिस्टर हलल्या. पुन्हा हात वर! उचललेला पाय तसाच अधांतरी ठेवून सिस्टर बगळ्यासारख्या उभ्या. पडद्यावर बाईही गप्प. मुलगी खुदकन हसली, आणि आपण होऊन पाठ वळवून बसली.

"दिवा तिरका धरा. वळाशेजारी मोजपट्टी ठेवा. आता कानामागे बघू," बाई सांगत गेल्या. तपासणी संपली, मावशी मुलीला बाहेर घेऊन गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "जिन्यावरून पडून असे वळ उठत नाहीत, सिस्टर. हा पट्ट्याचा मार आहे. थोडा जुना, थोडा ताजा."

पोलिसांना लगेच कळवलं. मुलगी काकाकडे परतली नाही, मावशीकडे राहिली. कोर्टात काकाच्या वकिलाने आकाशपाताळ एक केलं, पण बाईंनी पडद्यावरूनच साक्ष दिली आणि ती तसूभर हलली नाही. काकाला शिक्षा झाली. मुलीची आई काम सोडून लेकीजवळ आली.

डॉक्टरसाहेब आता पाहुण्यांना ती खोली 'आमची कल्पना' म्हणून दाखवतात. दाखवेनात का बापडे! दूरदूरच्या वस्त्यांतली मुलं तिथे येतात, हे सिस्टरांना पुरे.

कोर्टाच्या निकालाच्या दिवशी सिस्टर घरी स्वयंपाकघरात मोठमोठ्याने गात होत्या.

"काय गं, लॉटरी लागली की काय?" नवऱ्याने विचारलं.

"दवाखान्यातलं घरी सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण आज दोन घास जास्त वाढ मला."